मस्कत साडेतीन तास

२ जून १९८७
गोवा राज्य झालं म्हणून शाळेत पेढे वाटले. मला एक आला. साखर जास्त.
मस्कतहून नात सिद्धीचं पत्र. सहावा महिना सरत आला. "आजी, आताच येऊ? इथं करमत नाही." तिच्या बापाला, जयरामला सांगितलं — कळव, सातवा पुरा झाल्यावरच ये, मग फुलं माळू. आमच्या घरात त्याआधी पोर माहेरी आणत नाहीत. मस्कत काय पळून जातंय?

१५ जून
जयरामला विचारलं, विमानाला वेळ किती?
"मुंबईपर्यंत एक तास. थंयसून अडीच."
म्हणजे साडेतीन तासांत परदेश. आणि पेडण्याहून दाबोळीच्या विमानतळाला? मांडवीचा पूल पडल्यापासून फेरीबोटीची रांग — सकाळी निघालेला माणूस दुपारी पोचतो. म्हटलं, मग तुझा विमानतळच मस्कतपेक्षा लांब. हसला. हसायला काय झालं?

२८ जून
तिची खोली झाडली. सिद्धीची आई गेली तेव्हा पोर चार वर्षांची. माझ्या कुशीत लाथा मारत झोपायची. आता लाथ मारणारं कुणी नाही, तर झोप लागत नाही. हे कुणाला सांगायचं नाही.
दुपारी विमान गेलं. कुठलं कोण जाणे. आवाज सरेपर्यंत अंगणात उभी राहिले. भात करपला.

१३ जुलै
अनंतच्या दुकानात सिद्धीचा फोन. विमानवाले घेत नाहीत. आठवा लागला, पाय सुजलेत, डॉक्टर चिठ्ठी देत नाही.
"आजी, माका भंय दिसता गो."
मी म्हटलं, "बायका काय पहिल्यांदाच बाळंत होतात?"
फोन तुटला. की तिनंच ठेवला?

१४ जुलै
जूनमध्ये आली असती. मी थांबवलं.
अबोली भरभरून फुलली आहे. कुणाला माळू?

१९ जुलै
जयराम म्हणतो, "आई, तुझो कसलो दोष?" म्हटलं, माझाच. रीत माझी, तोंडही माझं. समजूत घालायला येऊ नको.
मग त्याला ट्रंक उघडायला लावली. सिद्धीच्या लग्नाच्या वेळी नातजावयानं, श्रीनाथनं, हौसेनं माझाही पासपोर्ट काढला होता. तेव्हा मी म्हटलं होतं, जाळ तो.
"तू मस्कताक वतलीस? अगो, फेरीबोटीत डोळे मिटून बसतास!"
"मिटीन. साडेतीन तासच ना?"

२ ऑगस्ट
श्रीनाथनं व्हिसाचे कागद धाडले. कुळीथ, डिंक, हळद बांधली. जयराम म्हणतो ओझं जास्त होतंय. म्हटलं, तुझा सल्ला काढून ठेव, तेवढं हलकं होईल.

९ सप्टेंबर, मस्कत
मुलगी. नाक आमचं. रडणं सासरचं.
सिद्धी विचारते, "बारसं झालं की परत घरा वतलीस?"
म्हटलं, नाही. जयरामला सांग, आता तू वाट बघ.