यंदा बेट लाल झालं नाही

९ ऑगस्ट
आजही झुडपांवर फळाचा एक मणी नाही. होडी घेऊन बेटावर गेले, चारही रांगा पाहिल्या, फांदी न् फांदी वर करून. जूनमध्ये फुलं होती, मी स्वतः पाहिली. एव्हाना हिरवे मणी धरायला हवे होते, म्हणजे ऑक्टोबरात लाल होतात. लेंडर्ट असता तर एका नजरेत सांगितलं असतं काय बिनसलंय. फेब्रुवारीत तो गेला. तेव्हापासून मी नुसती पाणी नि खत घालतेय – नवऱ्याचं बघून बघून जेवढं आलं तेवढंच.

१४ ऑगस्ट
पलीकडच्या रोपवाटिकेची यानेके आली. सगळं बेट फिरली आणि विचारलं, "नर कुठायत?"
मला कळेना. ती म्हणाली, फळतात त्या सगळ्या माद्या. नराला मणी कधीच येत नाहीत, पण तो जवळपास नसला तर माद्याही वांझ.
कालव्याच्या टोकाची ती सहा झुडपं! मार्चमध्ये मीच दिराला म्हटलं – बास्तियान, ही मेली कधीच फळत नाहीत, जागा अडवून बसलीत, काढून टाक. त्याने दुपारभरात मुळासकट उपटली.

१५ ऑगस्ट
मीच केलं.

२ ऑक्टोबर
बागवाले आले, दरवर्षीसारखे, मण्यांचा रंग बघून झुडपं विकत घ्यायला. होडीतून उतरलेसुद्धा नाहीत. एकाने टोपी काढून हातात धरली, पुन्हा मयतीला आल्यागत.

२३ ऑक्टोबर
पानं गळाली. मागच्या वर्षी या दिवसांत बॉस्कोप गावच्या रस्त्यावरून बेट पेटल्यासारखं दिसत होतं. यंदा काळ्या काड्या. लेंडर्टने तीस वर्षं वाढवलं, मी एका वाक्यात संपवलं.
यानेके म्हणते, नवे नर लाव, पुढच्या साली माद्या धरतील. तिला काय सांगू – सकाळी अंथरुणातून उठावंसंच वाटत नाही. बास्तियान म्हणतो, विकून टाक, गावात दोन खोल्या घे. बरोबरच आहे त्याचं. माझ्या हाती झाडं देऊच नयेत कुणी. हो म्हटलं. पाच नोव्हेंबरला सह्या.

४ नोव्हेंबर
बास्तियान आला. कॉफीला हात लावला नाही. म्हणाला, "वहिनी, ते नर आहेत हे मला ठाऊक होतं. तू काढ म्हणालीस आणि मी गप्प बसलो. दादा त्या कालव्यातला गाळ उपसता उपसता गेला. वाटलं, तुझंही तेच होईल; एक वर्ष फळ धरलं नाही तर तू आपणहून बेट सोडशील."
तीन महिने मी याच्यासमोर बसून रडले. हा मला रुमाल देत होता.
जा म्हटलं त्याला. उद्या सही करणार नाही.