सत्काराची शाल

अंबड, मंगळवार, संध्याकाळ

डोकं तापलंय, तापानंही आणि रागानंही. सुट्टीला घरी आलो अन् काल ताप चढला, म्हणून आजच्या विमानासाठी किरकोळ रजा कळवली. पगाराचा करार अडवून ठेवलाय म्हणून कंपनीतल्या निम्म्याहून जास्त पायलटांनीही आजच रजा टाकली. निम्म्याहून जास्त लोकांनी एकाच दिवशी रजा टाकली की नव्या कायद्यात याला संप म्हणतात, तोही नोटीस न देता केलेला. मला ताप नसता तर मीही टाकली असती का? टाकली असती. पण ताप आहे ना!

सकाळी काका आले. "कॅप्टन, शाळेत तुझा सत्कार ठेवलाय. जल्दी चल, पाचच मिनिटं लागतेत." काकांना नाही म्हणायची सोय नाही. शाल पांघरली तेव्हा हुडहुडी भरली होती, म्हणून ती काढलीच नाही. फोटोत मात्र काय ऐटीत दिसतोय!

दुपारी कंपनीतून साहेबाचा फोन. तो फोटो त्याच्यापर्यंत पोचलेला. "सत्काराला जमतं, विमानाला जमत नाही? म्हणजे तुम्हीही संपातच." कराराच्या बैठकीत हाच म्हणाला होता, तुम्ही पायलट म्हणजे अधिकारी, कामगार नव्हे, वाटाघाटी कसल्या करता? मंग आज मी संपकरी कसा? संप तर कामगार करतात ना?

शाल अजून अंगावरच आहे. आत्ता काका परत येऊन गेले, खुशीत. "फोटो लय फिरून राह्यला. तुझ्या कंपनीलाबी कळू दे, इथं तुला किती मान हाय."

"कळलं, काका."