ढगाच्या गाठोड्यात काय होतं?

प्रिय टिपकागदा,

आधी तुझ्या गुडघ्यांची चौकशी करतो, मग तुझी. मागच्या खेपेला उलटं केलं तर तू रुसलास. वहिनींना नमस्कार. त्यांचा खोकला गेला असेल आणि तुझं घोरणं गेलं नसेल, असं धरून चालतो. मी बरा आहे. सूनबाई म्हणते, बाबा दिवसभर खिडकीत बसून आभाळाकडे बघतात. बघतो खरा. (आपल्या वर्गाच्या खिडकीतून दिसायचं तेच आभाळ आहे रे अजून. बाकी सगळं बदललं.)

तर झालं असं, की आमच्या नगरपालिकेने ‘ओळख आपल्या प्रभागाची’ असं एक गुळगुळीत पुस्तक काढून घरोघर वाटलं. कोण कुठली भाषा बोलतं, कोण चालत कामाला जातं, कोण बसने, कुणाच्या अंगणात झाड आहे, सगळं त्यात. मी ते कवितेसारखं तालात वाचून काढलं. भाषांच्या पानावर सगळ्यात खाली, पायपुसण्यासारखी एक ओळ होती: ‘इतर’. वरच्या मंडळींना मी बाजारात रोज बघतो. पण हे इतर कोण? दिसतात कसे? आंघोळ करताना काय गुणगुणतात? मला चैन पडेना. छत्री घेतली (ऊन होतं, पण छत्रीवाल्या म्हाताऱ्याला कचेरीत लवकर खुर्ची मिळते) आणि प्रभाग कचेरी गाठली. कारकूनबाईंना विचारलं, या इतरांना कुठे भेटता येईल? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “आजोबा, घरी आरसा नाही का?”

म्हणजे मीच तो! या परक्या गावात आपली भाषा बोलणारे असे कितीसे? वाईट नाही वाटलं, खोटं कशाला सांगू. उलट वाटलं, आपल्या ओळीत आणखी कोण कोण बसलंय ते बघावं. कारकूनबाई तशा मायाळू. म्हणाल्या, माडीवर एक खोली रिकामी पडली आहे. तुम्ही इतर मंडळी मिळून काही करणार असाल तर मागून घ्या, नाहीतर तिथे व्यायामाची यंत्रं येतील. तेवढ्यात नगरसेविकाबाई जिन्यावरून उतरल्या आणि उतरता उतरताच म्हणाल्या, “शनिवारी दाखवा काहीतरी, मग ठरवू. पण सगळ्यांनी मिळून हं. एकट्याचं भाषण नको.” (माझ्या तोंडाकडे बघून लोकांना हे कसं कळतं?)

खोली बघितली आणि जीव अडकला. भिंतीवर फळा आहे रे, खराखुरा काळा फळा! कोपऱ्यात खडूची भुकटी. घरी मी जरा आवाज चढवला की नातीचा अभ्यास असतो, नाहीतर मुलाचा फोन. इथे पोटभर कविता म्हणता आल्या असत्या.

मग इतर गोळा केले. गल्लीतला न्हावी, कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई, वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई आणि एक निवृत्त बसचालक. पाच जणांच्या पाच भाषा. एकमेकांशी बोलायला बाजारात चालते तेवढी इथली तोडकीमोडकी भाषा. खोलीत गोल करून बसलो, आणि बसूनच राहिलो. न्हाव्याने माझे कान निरखले. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांचे दात निरखले. शेवटी अवघडून मी डुलायला लागलो. आपण कविता कशी म्हणायचो आठवतं ना, पुढे वाकून, मागे जाऊन, वल्हं मारल्यासारखं? तसं. तर न्हावी ओरडला, “अहो, हे तर आमच्या शाळेतलं! डुललो नाही तर पट्टी बसायची!” आणि लागला की डुलायला! त्याची कविता एका गोगलगाईची, शिवणकामवाल्या बाईंची चंद्राला ठिगळ लावणारीची, डॉक्टरीणबाईंची बदकाच्या लग्नाची. बसचालक तर प्रत्येक ओळीच्या शेवटी पायाने ब्रेक दाबत होता. शब्द कुणाचेच कुणाला कळले नाहीत, पण डुलणं अगदी तेच. शनिवारचं ठरूनच गेलं.

मग माझी पाळी. खिडक्या थरथरल्या:

ढगा रे ढगा, निघालास कुठे?
पाठीवर केवढे गाठोडे मोठे!

एकेक कडवं म्हणून अर्थ सांगत गेलो. डोंगर म्हणतो, गाठोडं इथे सोड. ढग म्हणतो, इथे नाही. गिरणी म्हणते, इथे सोड; इथेही नाही. शेवटी एका म्हातारीच्या अंगणात तो टेकतो, गाठ सोडतो, आणि...

आणि पुढे कोरं. चौघं माझ्याकडे वाकलेले, बसचालकाचा पाय ब्रेकवर. “मग? निघालं काय?”

शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, पाऊसच असणार. मी म्हटलं, छे! पाऊस असता तर मी विसरलो असतो होय?

तेव्हापासून जगणं कठीण झालंय. न्हावी अर्धी दाढी झाली की वस्तरा थांबवून विचारतो. डॉक्टरीणबाई तर माझं तोंड उघडं असतानाच विचारतात. कचेरीत फळ्यावर कार्यक्रम लिहिलाय, त्यात पहिलं नाव माझं. नगरसेविकाबाईंनी कारकूनबाईंना बजावलंय, “मी येईपर्यंत गाठोडं सोडू देऊ नका.” आता मीच अडलो तर ही माणसं काय म्हणतील, आणि खोली तरी कशी मिळेल?

असो. गुडघ्यांना शेक देत जा.

तुझा,
पुढच्या बाकावरचा भोंगा

ता. क. पत्र लिहायचं कारण राहिलंच. ते शेवटचं कडवं उलट टपाली पाठव. वर्गात मी अडलो की मागच्या बाकावरून तूच पुटपुटायचास. आवाज माझा, आठवण तुझी. म्हणून तर तू टिपकागद.

ता. क. दुसरा. नको, पाठवू नकोस. पत्रात कळलं तर तुला यायला कारण काय उरलं? शनिवारी तूच ये. माझ्या मागची खुर्ची धरून ठेवली आहे. माडीवर न्हावी आणि बसचालक तुला उचलून नेतील, बोलणं झालंय.

ता. क. तिसरा. तुलाही आठवत नसेल तर वहिनींनासुद्धा सांगू नकोस. तसाच ये. मागून काहीही पुटपुट. मोठ्याने मी म्हणेन.