मेव्हण्याचा डबा

सोमवार, ३

आजपासून मेव्हण्याचा विचार बंद. बायकोचा धाकटा भाऊ म्हणून मीच त्याला प्रयोगशाळेत चिकटवला. आता त्याने चपलांच्या खोक्याएवढा मायक्रोस्कोप बनवलाय. चमकता रंग लावलेला प्रोटीनचा एकेक रेणू उघडताना-मिटताना त्यात कुणालाही दिसतो म्हणे. मग तेच बघायला मी सहा वर्षं अंधाऱ्या खोलीत माझ्या मशीनचे आरसे कशाला जुळवतोय?

ती खोली माझ्या मशीनकडे राहणार की त्याच्या डब्याकडे जाणार, हे शुक्रवारी संचालकबाई ठरवतील. काळजी नाही.

मंगळवार, ४. सकाळी ७

कुणी यायच्या आत डबा तपासला. फक्त दोष शोधायला. आधी नाव विचारतो. 'पाहुणा' टाकलं. रेणू खरंच एकटा असेल तर त्याचा उजेड एका झटक्यात विझतो. गोळा असेल तर हळूहळू मंदावतो. माझा नमुना झटक्यात विझला. योगायोग.

बुधवार, ५

सातला परत तपासला. परत झटक्यात. माझ्या मशीनवर तोच नमुना संध्याकाळपर्यंत मंदावतच होता. आरसे हललेत. दार कोण आपटतं कोण जाणे.

जेवताना बायको म्हणाली, भावाने तिला पाच मिनिटांत रेणू दाखवला. मी म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे. कमी नव्हतं.

गुरुवार, ६

बायको म्हणते मी जळतो. हो, जळतो. पण तात्त्विक पातळीवर.

उद्या दाखवायला माझ्याकडे उजेड विझण्याचा एकही धड आलेख नाही. डब्यावरचे तीन आहेत, आज सकाळचा धरून. नमुना माझा, मेहनत माझी, म्हणजे आलेखही माझेच. डबा नुसता मध्ये होता.

शुक्रवार, ७

भाषण झकास. खेळणं आणि विज्ञान यांतला फरक समजावला. मग आलेख पडद्यावर लावून म्हटलं, असा झटका फक्त माझ्या मशीनवर मिळतो. बाईंनी चष्मा वर करून खालचा कोपरा मोठ्याने वाचला: डबा क्रमांक एक, वापरणारा पाहुणा, सकाळी सात वाजून पाच. डबा हे बारीक अक्षरात आपोआप छापतो. मला कुणी सांगितलं नव्हतं.

कुणी हसलं नाही. मेव्हणा उठून म्हणाला, भाऊजींनी रोज सकाळी सातला येऊन डबा तपासला, इतकी कसून चाचणी दुसऱ्या कुणी घेतली नाही. म्हणजे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. टाळ्या पडल्या. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

सोमवार, १०

खोली डब्याला. माझं मशीन जिन्याखाली. खोलीचे काळे पडदेही काढले, डब्याला अंधार लागतच नाही.

दारावर नंबर लावायचा कागद आहे. सकाळी सातची जागा महिनाभर भरलेली, मेव्हण्याच्या अक्षरात: भाऊजी.

खोडणार होतो. पण सातला आलेख फार स्वच्छ येतात.