तक्रार निरंक

सोमवार, ७ जुलै. सकाळ.
आज डॉक्टरकडे. डिप्रेशनच्या गोळ्या सुरू होऊन सहा महिने होत आले. झोप लागते, रडू येत नाही, एवढं मान्य. पण कशातच मन लागत नाही. दात घासायचे म्हटलं तरी जिवावर येतं. पुण्याहून पियूषचा फोन आला की बाथरूममध्ये जाऊन बसतो. पोटचा पोरगा, आणि बोलावंसं वाटत नाही. आज हे सगळं स्पष्ट सांगणार. पांढरकवड्याच्या तहसीलमध्ये जन्म काढला, भल्याभल्या साहेबांना ऐकवलंय. ही डॉक्टर तर माझ्या पुतणीएवढी.

संध्याकाळ.
गेलो. तिने विचारलं, काका, काही तक्रार? तोंडातून निघालं, निरंक. वरच्या ऑफिसला जन्मभर हाच रिपोर्ट पाठवला. म्हणजे कळवण्यासारखं काही नाही. तिला शब्द फार आवडला. हसली आणि त्याच गोळ्या चालू ठेवल्या. हिला एमडी कोणी केलं?

मंगळवार, ८ जुलै.
विचार केला. चूक तिचीच. तक्रार आहे का, असं कोणी विचारतं? आमच्याकडे तक्रार आली की आधी तक्रारदाराचीच चौकशी लागायची. पुढच्या वेळी आत शिरताच मीच सुरुवात करणार.
आंघोळ उद्या.

रविवार, २० जुलै.
शेजारचे पुंडलिकराव म्हणाले, सकाळी फिराले चला, डोकं हलकं होते. त्यांचं आधीपासूनच हलकं आहे.
बायकोने, शोभाने विचारलं, डॉक्टरले सारं सांगतलं का? म्हटलं, सगळं. मंग गोळ्या काहून नाही बदलवल्या? म्हटलं, आजकालच्या डॉक्टरांना ऐकायला वेळ कुठे असतो.

सोमवार, ४ ऑगस्ट.
शोभाने बाहेर बसायचं ठरलं होतं. सरळ आत आली.
डॉक्टर म्हणाली, काय काका, निरंक ना? म्हटलं, हो. शोभा म्हणाली, हे खोटं बोलून राह्यले. आंघोळ करत नाहीत, पोराशी बोलत नाहीत. काल मले म्हणे, मी नसलो तरी तुले काय फरक पडते.
हे बोललो ते मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती.
डॉक्टरचं हसू गेलं. जीव द्यायचे विचार येतात का, असं तिने सरळ विचारलं. नाही येत म्हटलं, ते खरं होतं. मग म्हणाली, काका, अर्धं बरं वाटलं म्हणून थांबायचं नसते. गोळी बदलता येते, पण तुम्ही सांगाल तेव्हाच मला कळेल ना. ही नवी गोळी घ्या, पंधरा दिवसांनी फोन करा, जसं असेल तसं सांगा.
इतकी साधी गोष्ट सांगायला हिने सहा महिने लावले.

मंगळवार, १९ ऑगस्ट.
वाक्य घोकून फोन लावला: किंचित बरं आहे, पण सकाळी अजून उठवत नाही. रिसेप्शनवरच्या मुलीने उचलला. म्हणाली, मॅडम पेशंट पाहून राह्यल्या, काही तक्रार आहे का काका?
म्हटलं, निरंक. आणि ठेवून दिला.
शोभा भाजी निवडत होती. उठली, माझ्या हातातून फोन घेतला, परत लावला आणि माझ्या कानाला धरून उभी राहिली. बायकांना दम म्हणून नसतो.
रिंग जात होती. तिने फोन कानापासून हलू दिला नाही.