मेंढ्या आपल्या रक्तातच आहेत

१० मार्च २०२४, रविवार
निर्णय झाला. आयर्लंड! तिथल्या शेतावर रोज पाच तास काम करायचं, बदल्यात राहणं-जेवण फुकट. उरलेल्या वेळात जग बघायचं. अ‍ॅपवर प्रोफाइल टाकलं. ‘स्किल्स’मध्ये लिहिलं: मेंढीपालन, पिढीजात. खोटं नाही. आजोबांच्या दोनशे मेंढ्या होत्या. मी बजाजनगरात कंपनीच्या भोंग्यावर वाढलो हा भाग वेगळा. गोष्ट रक्तात असावी लागते.

१३ मार्च
मॉरीन नावाच्या बाईंचा मेसेज. समुद्राकाठी शेत, शंभर मेंढ्या. मे महिन्यात ये म्हणाल्या. फक्त आधी दोन मिनिटांचा व्हिडिओ हवा: मेंढी पकडायची, बसवायची, खूर तपासायचे. फॉर्मॅलिटी आहे.
उस्मानपुऱ्यातल्या क्लासच्या ऑफिसात राजीनामा देऊन आलो. सर एकदाही ‘थांब’ म्हणाले नाहीत. धक्का बसला असणार.

१७ मार्च
म्हाळसाबाई आत्याकडे आलो. तिचा कळप सध्या बिडकीनच्या अलीकडे अप्पाराव नावाच्या शेतकऱ्याच्या रानात आहे. रात्री मेंढ्या रानात बसवायच्या, लेंड्यांचं खत शेतकऱ्याला. त्याने ज्वारी, विहिरीचं पाणी आणि पाल ठोकायला जागा द्यायची. जुनी पद्धत. आत्याला माझा प्रोग्राम समजावला, की काम आपण करायचं, जागा आणि जेवण ते देणार. आत्या म्हणाली, मंग आमी दुसरं काय करतो रं?
तिला म्हटलं, तिथं रेटिंग असतं.
मुक्काम दोन दिवस. फार तर तीन.

२० मार्च
मेंढी अजून हाती लागली नाही. पळतात. आधी विश्वास संपादन करावा लागेल, म्हणून दिवसभर मागे हिंडलो. आत्याच्या यजमानांचे, आप्पांचे, गुडघे गेलेत आणि कानही, त्यामुळे काठी माझ्याच हातात आली. शेजारच्या पालातल्या मुक्ताबाईंना आत्या सांगत होती, भाचा आलाय, आता घोर नाय. गैरसमज दूर करायला हवा. उद्या करतो.

२४ मार्च
टाचा सोलल्या. चारा कुठंच नाही, म्हणून रोज दहा-बारा किलोमीटर. गेल्या साली आत्या जिथं चारायची तिथं आता प्लॉटिंगवाल्यांच्या कमानी. विहिरीचा तळ दिसतोय. अप्पाराव म्हणाले, म्हाळसाबाई, औंदा पाणी घरालाच पुरंना. आत्या नुसतं ‘व्हय’ म्हणाली. गैरसमजाचं आज काढलं नाही. वेळ बरी नव्हती.
व्हिडिओ मात्र झाला! मेंढी सापडेना म्हणून शेळी धरली. ती स्वभावाने गरीब आहे. लांबून कोणाला कळतंय?

२५ मार्च
कळलं. शेळी गोड आहे, असं मॉरीनबाई म्हणतात. उद्या दुपारी व्हिडिओ कॉल. मेंढीसह.

२६ मार्च
कॉल झाला. मोबाइल आप्पांनी धरला. मी मेंढीचा मागचा पाय धरला आणि तिने मला बाभळीपर्यंत ओढत नेलं. बंद करा, बंद करा म्हणून ओरडलो. आप्पांना ऐकू आलं नाही. त्यांनी जवळ येऊन नीट दाखवलं. तेवढ्यात आत्या आली. अरं मुडद्या, लंगडतीय ती, दिसंना व्हय तुला? एका हाताने मेंढी बसवली, खुरातला काटा दातांनी ओढून काढला, थुंकला, दिली सोडून. अर्धं मिनिटही लागलं नाही.
मॉरीनबाईंनी विचारलं, या कोण?
माझ्या असिस्टंट आहेत, असं सांगून सावरून घेतलं. एकूण इंप्रेशन चांगलं पडलं.

२८ मार्च
आयर्लंड नक्कीच आहे, पण बॅकअप असावा म्हणून क्लासच्या सरांना फोन केला. माझ्या जागी दिपाली नावाची मुलगी आलीये. फार हुशार आहे म्हणे. मी विचारलं नव्हतं.

३० मार्च
मॉरीनबाईंचा मेल आला. मला घेता येणार नाही. पण माझ्या असिस्टंट येणार असतील तर राहणं, जेवण, शिवाय विमानाचं तिकीटही.
तीनदा वाचलं. बांधावर बसून राहिलो. फार वाईट वाटलं. आत्याला सांगायचं नाही असं ठरवलं आणि तासाभरात सांगून टाकलं.
ती हौदाजवळ होती. सकाळीच अप्पारावांनी विहिरीवरची मोटर काढून नेली. हौद कोरडा आणि मेंढ्या भोवती उभ्या. आत्याने मेल पूर्ण ऐकून घेतला. मला वाटलं, हसेल. हसली नाही. विचारलं, तिकडं पाऊस हाय का? म्हटलं, रोज असतो. आन् गवत? म्हटलं, गुडघ्याएवढं.
तिने एकवार मेंढ्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, त्या बाईला इचार, ह्या साठ संगं आणल्या तर चालंल का.
इंग्रजीत तेवढंच टाइप केलं आणि पाठवलं. माझ्याबद्दल काही लिहिलं नाही.