उंबरठ्यावरचं पान

४ ऑगस्ट २००३, देवास

खुर्चीचा एक पाय आखूड, पंखा फिरतो की विचार करतो ते कळत नाही, आणि चहा म्हणजे नुसतं साखरेचं गरम पाणी. पहिल्याच दिवशी सगळं बोलून दिलं. टेप लावणारा उमाशंकर हसून म्हणाला, भाभी, अभी तो आई हो, जरा बैठ तो लो. म्हटलं, भिया, बसूनच बोलतेय, म्हणून तर पाय आखूड असल्याचं कळलं.

पण मन खूश आहे. धारला जावेच्या हाताखाली पोळ्या लाटत होते, आता सरकारी बंगल्यात मला टेबल आहे. दीर मोरोपंतांनी चिकटवलं. बंगला गावाबाहेर कन्नोदच्या रस्त्याला आहे, मागे चिंचेचं मोठं झाड. पलीकडे डिपो, तिथं फौजेचा दारूगोळा. डिपोची राखण करायला वेगळे पोलीस आहेत, आणि त्यांच्यातले थोडे लोक, कुठं कोणी स्फोट घडवायचा बेत करतंय का ते हुडकतात. ते आम्ही. चौथी नापास बाई 'आम्ही' म्हणते, बघा.

काम म्हणजे लोकांच्या फोनच्या कॅसेटी ऐकायच्या आणि काय बोलले ते साहेबांना सांगायचं. इथली पोरं हिंदी शाळेतली, घरातल्या बायकांचं जुनं मराठी त्यांच्या डोक्यावरून जातं. प्रतापराव साहेबांनी बाहेर बोलायचं नाही म्हणून सही घेतली. लिहायचं नाही असं काही म्हणाले नाहीत. बोलल्याशिवाय मला अन्न पचत नाही, म्हणून ही वही.

९ ऑगस्ट

मला एकच घर दिलंय. राजगढच्या नलिनीबाई. रोज दुपारी धारच्या बहिणीला, चारुलताला, फोन करतात. नलिनीबाईंचा मुलगा अंबरीश डिपोत वायरिंगचं काम करायचा. गेल्या वर्षी वैशाखात सुट्टी संपवून घरून निघाला तो पुन्हा दिसला नाही. साहेब म्हणतात, डिपोचा नकाशा कोणाला तरी देऊन पळाला, आईला फोन केल्याशिवाय राहायचा नाही.

बाई बोलते फार. गुडघे, लोणच्याचा खार, शेजारणीची सून. मग एकदम मुलगा. दम्याचा पंप फळीवरच राहिला गं, चारू. खिशात घाल म्हटलं होतं. धूळ लागली की त्याला श्वास पुरत नाही. बहीण म्हणाली, नले, गुरुजींना विचार, माणूस सापडत नसेल तर दर्भाचा पुतळा करून क्रिया करतात. बाई कडाडली, जित्या पोराची क्रिया? जीभ झडेल तुझी! आणि फोन आपटला. टेप नुसती फिरत राहिली.

मला पोरबाळ नाही. तरी तो पंप डोळ्यापुढून जाईना.

२१ ऑगस्ट

सापडला! नलिनीबाई आज अगदी खुशीत होती. आज लवकर आला गं, म्हणाली. वरणभात सगळा संपवला, अळूला तोंड लावलं नाही, लहानपणापासून तसाच. तेवढ्यात कॅसेटची बाजू संपली. उलटी करायला मला धीर कुठला! तशीच उठले, साहेबांच्या खोलीत गेले, सांगितलं, तो घरी येतो, जेवून जातो.

वाटलं, शाबासकी देतील. साहेबांचा चेहरा पिठासारखा झाला. तीनदा विचारलं, कोण जेवला? अंबरीश? त्याच पोराबद्दल बोलतेय ना? मी म्हटलं, साहेब, मराठीत बोलतेय ना मी! मग जीप काढून स्वतः गेले राजगढला. एवढा मोठा अधिकारी, निघताना टोपी टेबलावरच विसरला.

२२ ऑगस्ट

आज दुसरी बाजू ऐकली.

बहीण म्हणत होती, नले, कावळ्यानं खाल्लं म्हणून एवढा आनंद? नलिनीबाई म्हणाली, जित्या माणसाचं पान आत मांडतात, गेलेल्याचं बाहेर ठेवतात. माझा कुठे आहे ते कोण सांगतंय मला? म्हणून उंबरठ्यावर ठेवते. जो येईल तो तोच.

हे काल ऐकलं असतं तर. कॅसेट उलटायला असा काय वेळ लागतो? साहेबांना सांगायला गेले. म्हणाले, ठीक आहे, जा. माझ्याकडे बघितलं नाही.

२३ ऑगस्ट

बाईचा आवाज आज नवऱ्या मुलीसारखा. चारू, पोलीस आले होते! माळा उचकला, गव्हाच्या कोठीत हात घातले, उंबरठ्यावरचं पान लाथेनं उडालं. उडू दे! अगं, शोधतायत म्हणजे आहे! मेलेल्याला कोण शोधतं? मोठा साहेब स्वतः आला होता, माझ्या पोरासाठी. आता आजपासून पान आत, त्याच्या पाटापुढे. आणि सर्वपित्रीला त्याचं नाव काढलंस तर बघ.

बहीण रडली, आनंदानं. मी हेडफोन काढून ठेवला.

तिला हे मी दिलं. मी, माझ्या घाईनं.

२ सप्टेंबर

घरोघरी गणपती बसलेत. नलिनीबाईनं एकवीस मोदकांतले पाच अंबरीशच्या पाटापुढे ठेवले. संध्याकाळी तसेच. म्हणते, कामात असेल, येईल.

टेपमध्ये मागं कोणी खोकतं. उमाशंकरला म्हटलं, मशीन साफ कर. त्यानं कानाला लावून ऐकलं. म्हणाला, कुछ नी है भाभी. मी म्हटलं, कान साफ कर मग.

५ सप्टेंबर

पुन्हा खोकला. नलिनीबाई बोलते त्याच्या मधल्या जागेत. आधी खोकतो, मग शिट्टीसारखा श्वास ओढतो. माझ्या सासऱ्यांना दमा होता, तो आवाज मला कळतो.

दुपारी डबा उघडला तर वरणभाताचा मधला भाग उचललेला. बोटांनी उचलतात तसा. अळूच्या भाजीला हात नाही.

उमाशंकरवर ओरडले. त्यानं आईची शपथ घेतली. मग डब्यात वाकून बघितलं आणि बाहेर गेला तो दिवसभर आलाच नाही.

११ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. आज शब्द ऐकू आले. नलिनीबाई सांगत होती, आत पान मांडलंय, दार उघडं ठेवलंय. त्यावर मागून पोराचा आवाज. दमलेला.

आई, आत नको मांडूस. आत येता येत नाही.

बाईला ऐकू गेलं नाही. ती बोलतच राहिली, खिरीत वेलची घातलीय म्हणून.

मागं नेऊन पुन्हा लावलं. होतं. उमाशंकरला ऐकवलं. तो म्हणाला, म्हारे से मत पूछो भाभी, आणि भिंतीला टेकून खाली बसला.

१२ सप्टेंबर

उमाशंकरनं सांगितलं सगळं. चिंचेखाली उभा राहून, आत यायला तयार नाही.

पोर पळालं नव्हतंच. बस स्टँडवरून इथं आणलं. माझ्या खोलीत. जिथं माझं टेबल आहे, तिथं. नकाशा कोणाला दिलास ते सांग म्हणून कोंडलं. त्यानं पंप मागितला, यांना नाटक वाटलं. वैशाख, खिडक्या बंद. सकाळी उठला नाही. साहेबांनी कागदावर लिहिलं, सोडून दिलं. जीप यानंच चालवली. नेमावरला, नर्मदेत.

नकाशा? कोणी दिलाच नव्हता. नंतर कपाटामागं सापडला.

आणि आईचा फोन का ऐकायचा? ती कोणाकडे जाते, वकील बघते का, ते कळायला. मी दारूगोळा राखतेय समजत होते.

साहेबाचा चेहरा त्या दिवशी पिठासारखा का झाला ते आता कळतं.

१६ सप्टेंबर

साहेबांना तोंडावर बोलले. तिला सांगा. नोकरी गेली तरी चालेल, पोर गेलं एवढं तरी सांगा. म्हणाले, कमलबाई, तुमची सही आहे आमच्याकडे.

सही. माझी वाकडी सही.

राजगढला पान आत वाळतंय. इथं रोज डब्यातला मधला घास जातो. आता मी अळू आणत नाही.

२० सप्टेंबर

दिसला. भर दुपारी. खोलीच्या उंबरठ्यावर, पाय पोटाशी घेऊन. आत नाही, बाहेर नाही. चपला नाहीत. कपड्यांतून पाणी गळतं, फरशी कोरडीच—

ओलांडून जायचं कसं? मुलाला ओलांडत नाहीत, वाढ खुंटते म्हणतात. काय वाढायचं राहिलंय त्याचं. तरी मी थांबले. तो सरकला. मोठ्या माणसाला वाट देतात तसा.

मोठ्यानं रडले. कोणी आलं नाही बघायला.

२३ सप्टेंबर

उमाशंकर येत नाही. साहेबांनी टेप लावायला दुसरा माणूस दिला नाही. मशीन बंद असतं. तरी नलिनीबाई ऐकू येते— चारू, परवा सर्वपित्री, सगळ्यांची पानं बाहेर ठेव, माझ्याचं नको हं, तो जेवायला येतोय—

आणि तो नुसता मान हलवतो. नाही. नाही.

२४ सप्टेंबर

उद्या सर्वपित्री. उद्या चुकलं तर पुन्हा वर्षभर तो इथंच, या लाकडावर—

आज पुन्हा म्हटलं, तिला सांगा, तर साहेबांनी बाहेरून कडी घातली. म्हणाले, विचार करा. खिडक्या बंद. धूळ फार. फोन टेबलावर आहे, नंबर मला पाठ आहे. उचलला तर नुसता त्याचा श्वास—

तो आता दाराकडे बघत नाही. माझ्याकडे बघतो. मावशी म्हणाला. जागा करून दिली, शेजारी—

साहेब, बाहेर उभे आहात ना. तुमचे बूट दिसतात दाराखालून. तिला सांगणार की नाही? हो किंवा नाही. उद्या दुपारी राजगढला पानं वाढायच्या आत मला उत्तर पाहिजे. एकदाच सांगा तिला, त्याचं पान बाहेर ठेव म्हणून. आणि माझ्या जावेला कोण सांगणार, माझं आत की—